साखर बोलत होती

"फाटकी पुस्तकं चिकटवायला जाणार म्हणे! आणि इथे मी एकटा पडलो, तर तुझी ती ग्रंथपालबाई येणार आहे का उचलायला?"

नवऱ्याने ताटली टेबलावर आदळली. तिने फ्रीजकडे धाव घेतली. साखरपाण्याचा पेला फ्रीजच्या दारात कायम भरलेला असायचा, वर झाकण. पेला हातात आला आणि तिची पावलं तिथेच अडली.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी तो भलतंसलतं बरळायला लागला होता. तिच्या अंगावर धावून आला आणि घामाने निथळत खाली कोसळला. मधुमेहाच्या औषधाने रक्तातली साखर उतरली होती. वेळेवर साखरपाणी पोटात गेलं म्हणून निभावलं. सावरल्यावर तिचा हात धरून तो म्हणाला, "मी नव्हतो गं तो. साखर बोलत होती." ती ढसाढसा रडली. त्या दिवशी ते अगदी खरं होतं.

पण तेव्हापासून घरात पायंडाच पडला. तो चिडला की तिने पेला आणायचा. त्याने पिऊन तोंड पुसायचं आणि म्हणायचं, "साखर बोलत होती." झालं, मिटलं! मीठ कमी पडलं, साखर बोलली. बहिणीचा फोन लांबला, साखर बोलली. तिच्या माहेरचा उद्धार झाला, तोही साखरेनेच केला. माणसाशी भांडता तरी येतं हो, साखरेशी कसं भांडणार?

बाजारात गेली तरी वीस मिनिटांत परत. सख्ख्या बहिणीच्या घरी दोन वर्षांत पाऊल नाही. न जाणो, मागे त्याला काही झालं तर? दाराला कुलूप नव्हतं, पण ती कोंडली गेली होती. रात्री उशीवर डोकं टेकलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं तिला.

अशात वाचनालयाचा निरोप आला. तिच्या वडिलांचा बुकबाइंडिंगचा धंदा होता. परकरात होती तेव्हापासून ती खळ शिजवायची, पानांचे गठ्ठे शिवायची, पाठीला कापड लावायची. वाचनालयात तीनशे पुस्तकं खिळखिळी होऊन पडली होती. आठवड्यातून तीन दुपारी काम. "उद्या चारपर्यंत कळवा," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल." तिचे हात शिवशिवले होते.

तो उद्या म्हणजे आजच. साडेतीन वाजून गेले होते.

आणि आजच सकाळी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून कपाळाला हात लावला होता. साखरेची तीन महिन्यांची सरासरी भलतीच चढली होती. तो शेजारच्या खोलीत आणखी एका तपासणीसाठी रक्त द्यायला बसला होता.

"गोड देता का हो यांना?"

"छे! फक्त चिडले की साखरपाणी."

"किती वेळा चिडतात?"

"रोज," ती ओशाळून म्हणाली. "कधी कधी दोनदा."

बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "हे बघा, घाम, थरथर, गोंधळ दिसला तर थांबू नका, लगेच द्या. पण नुसतेच चिडले असतील, तर आधी बोट टोचून मोजा."

मोजायचं! सकाळी उठल्यावर ती नेमाने मोजायची. भांडणात मोजायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळ कोरडं. तिच्यावर रोखलेलं बोट जराही थरथरत नव्हतं. तिने पेला टेबलावर ठेवला आणि मीटर आणलं.

"अहो, बोट द्या."

"आधी पाणी दे! मेल्यावर मोजत बस!"

"एक मिनिट लागेल."

सरकारी मोजणीदार म्हणून आयुष्यभर लोकांच्या जमिनी इंचाइंचाने मोजलेला माणूस तो, पण स्वतःचं बोट पुढे करायला खूप कुरकुरला. शेवटी केलं. तिने आकडा वाचला. चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा वाचला.

तेवढ्यात त्याचा आवाज मवाळ झाला. तो नेहमी व्हायचाच. "साखर बोलत होती गं. मनावर घेऊ नकोस. आणि त्या बाईला नाही म्हणून कळवून टाक."

तिने मीटर त्याच्यासमोर धरलं.

"एकशे अठरा. साखर आज एक अक्षर बोललेली नाही."

त्याने मीटरकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तिला राग आला. दोन वर्षांत पहिल्यांदा आला, आणि तो इतका आला की फोनचे आकडे दाबताना बोटं घसरली.

"हो, मीच बोलतेय. उद्यापासून येते. खळ विकतची नको, मी शिजवीन."

फोन ठेवून तिने साखरेच्या गोळ्यांची डबी त्याच्या सदऱ्याच्या खिशात सरकवली. "घाम सुटला तर चघळा आणि मला फोन करा. पळत येईन. नुसता राग आला तर मात्र आधी मोजा."

सवयीने त्याचा हात पेल्याकडे गेला. पण पेला तिने आधीच उचलला होता, आणि उभ्याउभ्याच, शेवटच्या थेंबापर्यंत, तो ती स्वतः पिऊन टाकत होती.