स्क्रूवरचं सील

लॅपटॉप पुन्हा गोगलगायीसारखा चालू लागला, म्हणून शिकवणीवाल्या बाई धाकट्या दिरांसोबत नवी ड्राइव्ह घ्यायला दुकानात आल्या. “वहिनी, लॅपटॉप उघडू देऊ नका,” दीर कुजबुजले. “हे लोक आतले भाग लांबवतात. नुसती ड्राइव्ह घ्या, गेल्या वर्षीसारखी मीच घरी बसवतो.” दुकानदार हटून बसला. “ताई, आत कुठली बसते ते पाहिल्याशिवाय देणार नाही. उगाच भलतीच गळ्यात पडायची.” बाईंचा संशय बळावला. “उघडा, पण माझ्यासमोर,” म्हणत त्या डोळ्यांत तेल घालून बसल्या. त्याने लॅपटॉप पालथा केला, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि थबकला. “स्क्रूवर कंपनीचं सील शाबूत आहे. हा आजवर कुणी उघडलेलाच नाही. फोडू का?” दिरांना एकदम रस्त्यावरची रहदारी बघावीशी वाटली. “फोडा,” बाई म्हणाल्या. डोळ्यांत तेल तसंच होतं. नजर तेवढी आता दिरांवर होती.