पाटीवरचं ‘इज’

जुजबी मराठी शिकून तीन महिन्यांसाठी अमेरिकेहून आलेली मिशनची मडम कोल्हापुरात बायकांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवायची. कसबा बावड्याची अक्काताई शेतातलं काम उरकून रोज चालत यायची, कारण लष्कराच्या हापिसातल्या साहेबाला नवऱ्याबद्दल तिला स्वतःच्या तोंडानं विचारायचं होतं. त्या दिवशी नवऱ्याचं नाव सांगायचं इंग्रजी वाक्य निघालं, तशा सगळ्या बायका पदराआड हसल्या. नाव कोण घेणार? अक्काताईनं घेतलं, तेही उखाण्याशिवाय. “माय हजबंड्स नेम इज आकाराम.” “कुठे असतात?” मडमेनं विचारलं. “बर्माच्या लढाईला गेल्यात. लढाई संपून चार वर्सं झाली, खबर न्हाय.” मडमेनं अक्काताईच्या पाटीवरच्या वाक्यातलं ‘इज’ पुसून ‘वॉज’ लिहिलं आणि हलकेच म्हणाली, “असं हवं. ‘होतं’.” अक्काताईनं पदराचं टोक थुंकीनं भिजवून तो शब्द पुसला. “मीच ‘होतं’ म्हटल्यावर साहेब कशाला हुडकतोय, बाई?”