परत आलेली कबुतरं

शिकारी कुत्र्यांना पाखरू तोंडात धरून आणायला शिकवताना जिवंत पाखरं वापरायला बंदी आली, तेव्हा ऑरिनकाकांनी चर्चनंतरच्या कॉफीला सगळ्यांना सांगितलं, "माझी कबुतरं सोडून दिली." आज सरकारी पाहणीला आलेल्या मार्लिसला मात्र ती ढाबळीत घुमताना दिसली.

"अगं पोरी, सोडली होती गं! घराची ओढ असते त्यांना, आली परत. त्यांना कुठे तुझा कायदा वाचता येतो?"

"कुत्र्यांनी हुंगलंसुद्धा नाही?"

"देवाशपथ! खोटं निघालं तर खुशाल कुत्री घेऊन जा माझी."

मार्लिस ढाबळीत वाकली. तिनं एक कबुतर अलगद हातात घेतलं. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि पाखराची पाठ ओली होती, लाळेनं चिकट.

"शिकवण मात्र छान दिलीत, काका," ती हळूच म्हणाली. "एक दातही लागू दिला नाही."