हिरवे पट्टे

मन-हजेरी घेताना तळेकर बाईंना रोजच्यासारखंच समाधान वाटलं. तेवीस मुलांच्या मनगटांवरचे तेवीस पट्टे हिरवेगार होते. दोन वर्षांपूर्वी याच वर्गात नुसती रडारड चालायची. शमिका तर फळा पुसायला उठतानाही थरथरायची. मग पट्टे आले. भीती वाटली की पट्टा मनगटाला ऊब द्यायचा आणि भीती विरून जायची. शमिकाची कणव येऊन बाईंनी तिच्या पट्ट्याचा जोर आपल्या हातांनी शेवटच्या आकड्यापर्यंत चढवला होता.

"बाई, हा बघा ना," शमिका म्हणाली.

दप्तरांच्या मांडणीखालून नाग निघाला होता. तिच्या पायापासून हातभर अंतरावर त्याने फणा काढला.

"शमिका, हलू नकोस! बाकीचे सगळे बाहेर पळा!" बाई किंचाळल्या.

कुणीच उठलं नाही. पट्टे क्षणभर लाल झाले आणि पुन्हा हिरवे झाले. मुलं कौतुकाने बघत राहिली. शमिकाने नागाला गोंजारायला हात पुढे केला.

बाईंनी दोन पावलं टाकली असतील-नसतील, तोच त्यांच्याही मनगटाला ऊब जाणवली. घाबरलेल्या बाई मुलांना घाबरवतात, म्हणून शिक्षकांनाही पट्टा सक्तीचा होता. त्यांनी तो ओढून काढायला हात घातला, पण हात आपसूक खाली आला. एवढी कसली घाई?

फणा किती रेखीव होता! बाई शांतपणे बाकावर टेकल्या.

"हळूच हं, शमिका," त्या मायेने म्हणाल्या. "घाबरेल तो."