चित्रावरची अक्षरं

मंठ्याच्या शाळेत अर्पिता मॅडम नववीला चित्रकला शिकवायच्या. एका संग्रहालयाची जुनी चित्रं त्या वर्गातल्या पडद्यावर दाखवत, पण प्रत्येक चित्रावर आडवी, फिकट अक्षरं असायची. राणी असो की पाणी भरणारी बाई, चेहरा अक्षरांच्या आडच.

"मॅडम, हे असं कामून लिव्हलंय?" शालूनं एकदा विचारलं.

"चित्रं त्यांची आहेत ना. न विचारता कुणी उचलून नेऊ नये म्हणून. मी शाळेसाठी परवानगी मागितलीय."

"अन् अक्षरं असली की कोनीच नेत न्हाई?"

"नाही नेत," मॅडम सहज बोलून गेल्या.

तीन महिन्यांनी परवानगी आली. मॅडमनी त्याच दिवशी सगळी चित्रं अक्षरांशिवाय दाखवली आणि वर्गाला एक चेहरा काढायला सांगितला. वह्या बघत त्या शालूपाशी थांबल्या. तिनं दोन वेण्यांची मुलगी काढली होती आणि तिच्या अख्ख्या तोंडावरून पेन्सिलीनं आडवं लिहिलं होतं, 'परवानगीशिवाय नेऊ नये'.

मॅडमना हसू आलं. त्यांनी खोडरबर पुढे केला. "अगं, परवानगी आली की आता. पुसून टाक ते."

शालूनं चित्रावर हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. ही मी हाय. ऐतवारी पाव्हणे मला बघून गेले. पसंत हाय म्हनले."