मोरोक्कोहून निघालेली
२००७ साली मोरोक्कोच्या वाळवंटी सहलीत, बर्बर लोकांच्या एका खेड्यात इरावतीची आई हृदयविकारानं गेली. बाबा तिचा देह घेऊन घरी, मनुरेवाला परतले. इथेच तिला अग्नी दिला. पण महिन्याभरानं ते घरामागच्या लाकडी डेकवर बसून सांगू लागले, "तुझी आई निघालीय. बरोबर सहलीतला आपला गाईड आहे. आज डोंगर उतरली." इरावती चिडली. "बाबा, आई गेली!" "हो गं. पण ती तिकडेच राहिली ना." पुढे आई ओॲसिसपाशी पोचली, खजुरांच्या सावलीत विसावली. नकळत इरावतीच विचारू लागली, "आज कुठवर?" शनिवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "पापाकुराला आलीय, अगदी शेजारच्या गावात." तिन्हीसांजेला त्यांनी दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. बाबा बाजूला सरले, वाट देत म्हणाले, "दमलीस ना?" इरावती दार लावायला पुढे झाली आणि थांबली. उंबऱ्यातल्या आपल्या जँडल्स, रबरी चपला, तिनं वाटेतून हळूच उचलल्या.