लाल बटण

त्याच्या लेकीने बनवलेली बिनड्रायव्हरची बस आज निधी देणाऱ्या साहेबांना घेऊन चाचणीला निघणार होती. धोका दिसला तर लाल बटण दाबायला एक अनुभवी ड्रायव्हर हवा होता, म्हणून तिने बापालाच बसवलं. निघताना डेपोतल्या सोबत्यांनी त्याला गाठलं. “दादा, उगाच एकदा दाब. चाचणी फसली तरच आपल्या नोकऱ्या वाचतील.” तो बसमध्ये चढला. चढावर, वळणावर, शाळेसमोर त्याचा अंगठा बटणावर टेकला, पण दर वेळी आरशात लेकीचा घामेजलेला चेहरा दिसला. बस सुखरूप परतली. साहेबांनी निधी तिथल्या तिथे मंजूर केला. लेक गळ्यात पडली. “बाबा, तुमच्यामुळे जमलं!” भर डेपोत सगळ्यांनी ते ऐकलं. दुपारी तो जेवायला नेहमीच्या बाकाशी गेला. कोणीच सरकलं नाही. “दादा, लेकी आम्हालाही आहेत,” एक जण डब्याचं झाकण लावत म्हणाला.